पिवळ्या दिव्याचे तीन सेकंद

चौकातला हिरवा दिवा जातो आणि लाल यायच्या आधी पिवळा लागतो, तो साधारण तीन ते चार सेकंद. हा आकडा अंदाजाने बसवलेला नसतो. मोटार ताशी ५० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर या वेगाने येते आहे असं धरतात. दिवा बदललेला लक्षात येऊन पाय ब्रेकवर जायला एक सेकंद. त्यानंतर आतल्या माणसाला हिसका बसणार नाही इतपत ब्रेक लावला तर गाडी थांबायला ३०-३२ मीटर लागतात, आणि तेवढं अंतर न थांबता कापायला सव्वादोन सेकंद पुरतात. बेरीज सव्वातीन. हिशोब असा, की ज्याला थांबणं शक्य आहे त्याने थांबावं आणि ज्याला शक्य नाही तो लाल लागायच्या आत थांबारेषेपलीकडे गेलेला असावा. वर आणखी एखाद-दुसरा सेकंद चारही बाजूंना लाल ठेवतात, चौकात उरलेलं वाहन निघून जावं म्हणून.

आता त्याच दिव्याखाली सायकल आणू. वेग ताशी २०, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. लक्षात यायला एक सेकंद, त्यात साडेपाच मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर ब्रेक लावून थांबायला आणखी पाच. एकूण अकरा. पिवळा लागला तेव्हा थांबारेषा दहा मीटरवर असेल तर थांबणं जमत नाही, पुढे जाणंच योग्य. चौक २४ मीटर रुंद आहे असं धरा. दहा, चोवीस आणि सायकलची स्वतःची दोन मीटर लांबी मिळून ३६ मीटर, त्याला साडेसहा सेकंद. पिवळा तीन सेकंद आणि सगळीकडे लाल दीड सेकंद, म्हणजे हाताशी फक्त साडेचार. आडव्या रस्त्याला हिरवा मिळतो तेव्हा सायकलस्वाराचं मागचं चाक पलीकडच्या कडेपासून अजून अकरा मीटर अलीकडे असतं. त्याने एकही नियम मोडलेला नाही, तरी तो नेमका चुकीच्या जागी आहे.

मोटारचालकांना जे नियम, तेच सायकलस्वारांना असावेत का, हा वाद बहुतेक वेळा लाल सिग्नल तोडणाऱ्यांवरून सुरू होतो आणि तिथेच अडकतो. वरचं उदाहरण मुद्दाम सिग्नल पाळणाऱ्याचं घेतलं, कारण वादाचं मूळ तिथे आहे. नियम कागदावर सगळ्यांना सारखा असतो. त्यातले आकडे मात्र कुठल्या तरी एका वाहनाचं वजन, वेग आणि ब्रेक धरून काढलेले असतात, आणि ते वाहन बहुधा सायकल नसतं.

हे आकडे बदलेपर्यंत या चौकात करायचं काय? लांबून दिसतोय तेव्हापासून हिरवाच असलेला दिवा ‘जुना’ समजावा. तो आपण पोचेपर्यंत टिकेल असं गृहीत धरू नये. पादचाऱ्यांसाठी उलटे आकडे मोजणारा दिवा असेल तर तो वाचावा, मोटारीच्या दिव्यापेक्षा तो जास्त आणि आधी सांगतो. थांबारेषा १५ मीटरवर आली की पायडल मारणं थांबवून दोन्ही ब्रेकच्या दांड्यांवर बोटं ठेवावीत. वेळ वाचतो तो इथेच. पाऊस असेल आणि ब्रेक रिमवर घासणारे असतील तर चाकाचे पहिले एक-दोन फेरे नुसतं पाणी पुसण्यात जातात, तेव्हा अकरा मीटरचे सहज अठरा-वीस होतात. डिस्क ब्रेकला हा त्रास कमी, पण रस्त्यावर रंगवलेल्या ओल्या पट्ट्यांवर आणि गटाराच्या झाकणांवर टायर घसरतो तो घसरतोच.

कायद्याच्या बाजूने, सायकल हे वाहन आहे का या मूळ प्रश्नाचं उत्तर बऱ्याच देशांत कधीच देऊन झालं आहे. इंग्लंडमध्ये १८७९ साली भरधाव सायकल चालवल्याचा खटला उभा राहिला तेव्हा प्रश्न असा होता, की १८३५ च्या महामार्ग कायद्यातल्या ‘गाडी’ या शब्दात सायकल बसते का. न्यायालय म्हणालं, बसते. १८८८ च्या कायद्याने तर सायकल ही गाडीच असं स्पष्ट लिहिलं, अंधारात दिवा आणि पुढच्याला मागे टाकताना घंटीसारखा इशारा बंधनकारक केला. तिथल्या रस्त्यांवर मोटार अजून यायची होती. पुढे १९६८ च्या व्हिएन्ना करारात, ज्यावर कित्येक देशांचे वाहतूक नियम उभे आहेत, ‘चालक’ या शब्दाच्या व्याख्येत सायकल चालवणाराही धरला. जपानमध्ये सायकल हे ‘हलकं वाहन’ आहे आणि तिची जागा मुळात रस्त्यावर आहे. फूटपाथवर यायला तेरा वर्षांखालची मुलं, सत्तर वर्षांवरचे लोक किंवा तशी पाटी असलेली ठिकाणं असे अपवाद सांगावे लागतात. थोडक्यात, सायकल हे वाहन आहे की नाही यावर आता कुणी फारसं भांडत नाही. भांडण आहे ते, वाहन म्हटल्यावर किती नियम जसेच्या तसे लागू करायचे यावर.

काही नियमांबाबत मात्र सूट नको, असं माझं ठाम मत आहे, आणि त्यात पहिला नंबर बाजूचा. (इथून पुढे सगळीकडे डावीकडून चालणारी वाहतूक धरली आहे. जिथे उजवीकडून चालते तिथे डावं-उजवं उलटं वाचावं.) समोरून येणारी गाडी आपल्याला दिसते म्हणून उलट्या बाजूने सायकल चालवणं सुरक्षित, असा समज फार खोल रुजलेला आहे. पायी चालणाऱ्याच्या बाबतीत तो बराचसा खराही आहे, कारण तो दोन पावलांत थांबू शकतो आणि कडेला उडी मारू शकतो. सायकलचं गणित वेगळं. मोटार ५० वर, सायकल २० वर, दोघं एकाच दिशेने असतील तर अंतर ताशी ३० ने कमी होतं. ५० मीटर मिटायला सहा सेकंद. समोरासमोर असतील तर ताशी ७० ने. तेच ५० मीटर अडीच सेकंदांत संपतात. मागून येणाऱ्या चालकाला जागा नसेल तर सायकलमागे वेग कमी करून थांबता येतं. समोरून येणाऱ्याला थांबून काही उपयोग नाही, सायकल येतच राहते.

यापेक्षाही वाईट प्रकार गल्लीच्या तोंडाशी होतो. गल्लीतून डावीकडे वळून मुख्य रस्त्याला लागणारा चालक उजवीकडे बघतो, कारण त्याच्या बाजूची वाहतूक तिथूनच यायची असते. उजवीकडे मोकळं दिसलं की त्याचा पाय ॲक्सिलरेटरवर जातो. उलट्या बाजूने येणारी सायकल त्याच्या डाव्या हाताला असते. ती लपलेली नसते, तो तिकडे बघतच नसतो. फूटपाथवरून जोरात जाणाऱ्या सायकलचंही हेच होतं. फाटकातून गाडी काढणारा फूटपाथवर पायी येणाऱ्याचा वेग मनात धरतो, सेकंदाला दीड मीटर. सेकंदाला साडेपाच मीटरने येणारी वस्तू त्याने बघितली तेव्हा चित्रात नव्हती आणि पुढच्या सेकंदाला बॉनेटसमोर आहे. दिवसाढवळ्या ‘दिसलाच नाही हो’ म्हणणारा चालक दर वेळी खोटं बोलत नसतो.

बिनदिव्याची सायकल ही याच जातीची गोष्ट. त्यावर फार बोलायला नको: पुढे पांढरा, मागे लाल, पायडलवर रिफ्लेक्टर. पायडलचे रिफ्लेक्टर वर-खाली हलतात, त्यामुळे लांबूनच कळतं की ही सायकल आहे. पुढचा दिवा असा कलता बांधावा की उजेडाचा मधला भाग आठ-दहा मीटरवर जमिनीला टेकेल. सरळ लावला तर समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि खड्डा तो खड्डाच राहतो. मागचा दिवा सीटच्या दांड्याला लावून त्यावर लोंबती पिशवी किंवा रेनकोटचं टोक येऊ देणं ही सगळ्यात नेहमीची चूक. सायकल स्टँडला लावून दहा पावलं मागे जाऊन एकदा बघितलं की कळतं.

आता ‘थांबा’ची पाटी. जिथे सिग्नल नाही पण पूर्ण थांबून मगच पुढे जायचं अशी अष्टकोनी लाल पाटी असते, तिथे सायकलस्वार क्वचितच पूर्ण थांबतात. बघणाऱ्याला हा बेफिकिरीचा नमुना वाटतो. त्यामागचं गणित असं: माणूस आणि सायकल मिळून ९० किलो धरले तर ताशी २० चा वेग म्हणजे सुमारे १४०० ज्यूल ऊर्जा. थांबलं की ती ब्रेकमध्ये जाते आणि पुन्हा पायांनी भरावी लागते. सपाट रस्त्यावर त्याच वेगाने जात राहायला ८० वॉट पुरतात. म्हणजे एका थांब्याची किंमत सतरा सेकंदांची, अंतरात बोलायचं तर जवळजवळ शंभर मीटर जादा सायकल चालवल्याइतकी. दर शंभर मीटरवर अशी पाटी असेल तर रस्ता दुप्पट लांब झाला म्हणायचं. मोटारीत ही किंमत पायाच्या अंगठ्याला कळतही नाही.

शिवाय पाटीपाशी पूर्ण थांबायला लावण्याचा हेतू काय? चालकाला आजूबाजूला बघायला वेळ मिळावा. बंद काचा, काचांमधल्या खांबांआडचा आंधळा भाग, पुढचं लांब बॉनेट आणि इंजिनाचा आवाज यांच्यामागे बसलेल्या माणसाला तो लागतो. सायकलस्वाराचं डोकं पुढच्या चाकापासून जेमतेम मीटरभर मागे असतं, कान उघडे असतात, आणि ताशी दहावर आला की ब्रेक लावल्यावर तो दोन मीटरांत थांबू शकतो. अमेरिकेतल्या आयडाहो राज्याने १९८२ मध्ये हे मान्य केलं: ‘थांबा’ची पाटी सायकलस्वाराने ‘वाट द्या’ अशी वाचावी. म्हणजे वेग कमी करायचा, दोन्हीकडे बघायचं, कुणाचा हक्क असेल तर थांबायचं, नसेल तर चालू लागायचं. पुढे पस्तीस वर्षं हे राज्य जवळपास एकटंच होतं. २०१७ मध्ये डेलावेअरने तसाच, पण फक्त अरुंद रस्त्यांपुरता नियम केला, आणि मग आर्कान्सा, ऑरेगॉन, वॉशिंग्टन अशी रांग लागली. फ्रान्सने वेगळी वाट घेतली. तिथे निवडक सिग्नलांवर छोटी त्रिकोणी पाटी लावतात, तिच्यावर सायकल आणि बाण असतो. बाणाच्या दिशेने जाणाऱ्या सायकलला लाल दिवा म्हणजे फक्त ‘वाट द्या’. पॅरिसने २०१२ पासून प्रयोग करून २०१५ मध्ये अशा पाट्या मोठ्या संख्येने लावायला घेतल्या. जर्मनीने २०२० मध्ये फक्त सायकलींसाठीचा हिरवा बाण आणला, पण तिथे वळण्याआधी पूर्ण थांबावंच लागतं.

मला फ्रेंच पद्धत जास्त पटते, कारण तिथे सूट चौकाला दिलेली असते. प्रत्येक चौक वेगळा असतो, दोन्ही बाजूंना तीस मीटरपर्यंत मोकळं दिसत असेल तर एक गोष्ट, भिंतीआडून रस्ता फुटत असेल तर दुसरी. कुणीतरी तिथे उभं राहून, मोजून पाटी लावते. आयडाहोच्या पद्धतीत हा निर्णय स्वाराकडे जातो, आणि स्वार घाईत असतो. पण दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे: ही मुभा कायद्यात लिहिलेली आहे, त्यामुळे समोरच्या चालकालाही ती माहीत असते. ‘मला सुरक्षित वाटलं म्हणून गेलो’ या मुभेत हेच नसतं. सिग्नल तोडणाऱ्या सायकलस्वाराचा अंदाज पुष्कळदा बरोबरही असतो, पण त्याच्या डोक्यात काय चाललंय हे बाकीच्या कुणाला कळत नाही. आणि ‘वाट द्या’ या शब्दांत पादचारी पहिला येतो, हे या मुभेची बाजू मांडणारे अनेकदा विसरतात. झेब्रा पट्ट्यांवरच्या माणसाला वळसा घालून पुढून किंवा मागून निघून जाणं म्हणजे वाट देणं नव्हे.

काही ठिकाणी लाल दिवा पाळूनही सुटका होत नाही. गाडी आल्याशिवाय न बदलणारे सिग्नल असतात. त्यांच्या रस्त्याखाली तारेची वेटोळी पुरलेली असतात आणि वरच्या डांबरात चौकोनी किंवा गोल काप दिसतो. हे यंत्र वजन मोजत नाही. त्या तारेतून विद्युतप्रवाह खेळत असतो आणि वर मोठी धातूची वस्तू आली की त्यात फरक पडतो. सायकल मधोमध उभी केली तर बहुधा काहीच घडत नाही. दोन्ही चाकं त्या कापाच्या रेषेवर, लांबीच्या दिशेने येतील अशी ठेवली तर ॲल्युमिनियमची रिम तारेला जवळ पडते आणि दिवा बदलण्याची शक्यता बरीच वाढते. वेटोळी इंग्रजी आठाच्या आकाराची असतील तर मधल्या रेषेवर. कार्बनच्या रिमना यातलं काही लागू पडत नाही. सायकलच्या खाली लोहचुंबक बांधण्याचा जो उपाय सांगतात त्याचाही उपयोग नाही, यंत्र चुंबकत्व शोधत नसून विजेचा वाहक शोधतं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी अशा मुक्या सिग्नलवर ठरावीक वेळ थांबून मग सावधपणे जायची परवानगी सायकल आणि मोटरसायकल दोघांना दिली आहे.

पण या सगळ्यापेक्षा जिथे खरा अपघात घडतो तो प्रश्न आहे रस्त्यावर नेमकं कुठून चालायचं याचा. ‘कडेने चालवा’ हा सल्ला प्रत्येकाने ऐकलेला असतो. कडेने म्हणजे किती? लेन तीन मीटर रुंद आहे. सायकलच्या हॅण्डलची रुंदी ६० ते ७० सेंटिमीटर, आणि सरळ चालवणारा माणूसही दोन्ही बाजूंना थोडा थोडा झोकत असतो, खड्डा चुकवतो तेव्हा जास्तच. टायर कडेपासून पाऊण मीटरवर ठेवला तर हॅण्डलचं उजवं टोक कडेपासून १.१ मीटरवर येतं. मागे टाकणाऱ्या मोटारीने दीड मीटर अंतर सोडावं. आरशांसह मोटार दोन मीटरची. एकूण ४.६ मीटर. लेन तीनची, फार तर साडेतीनची. म्हणजे एकाच लेनमधून कायदेशीर अंतर ठेवून सायकलला ओव्हरटेक करणं शक्यच नाही, शेजारची लेन मोकळी असावीच लागते. मग सायकलस्वार कडेला चिकटला काय आणि लेनच्या मधोमध चालला काय, मागच्या चालकाला करायचं काम तेच आहे. फरक इतकाच, की कडेला चिकटलेला स्वार जागा आहे असा भास निर्माण करतो, आणि त्या भासात चालक घुसतो.

म्हणून ब्रिटनच्या वाहतूक संहितेत जानेवारी २०२२ पासून लिहिलं आहे, की शांत रस्त्यावर, संथ वाहतुकीत आणि चौक किंवा अरुंद जागा जवळ येताना सायकलस्वाराने लेनच्या मधून चालावं. ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगात ओव्हरटेक करताना निदान दीड मीटर सोडावं असंही त्यात आहे. जर्मनीच्या २०२० च्या बदलात वस्तीत दीड मीटर आणि वस्तीबाहेर दोन मीटर हे थेट कायद्यातच आलं. ज्यांना हे ‘रस्ता अडवणं’ वाटतं त्यांनी वरची बेरीज करून बघावी.

मधून चालायचं दुसरं कारण उभ्या गाड्यांची दारं. मोटारीचं दार पूर्ण उघडलं की जवळजवळ एक मीटर बाहेर येतं. हॅण्डलचं टोक उभ्या गाडीपासून किमान १.२ मीटर लांब असलं पाहिजे, टायर दीड मीटर. दार आपल्याला लागतं यापेक्षा त्याच्या धारेला हॅण्डलचं डावं टोक लागतं हे जास्त घातक, कारण हॅण्डल झटक्यात डावीकडे फिरतं आणि अंग उजवीकडे, वाहत्या लेनमध्ये फेकलं जातं. गाडीत बसलेला माणूस दिसतो का, ब्रेकचा दिवा आत्ताच विझला का, पुढची चाकं वळलेली आहेत का, एवढं बघत जावं. आणि उभ्या गाड्यांच्या मधल्या रिकाम्या जागांमध्ये आत-बाहेर करत नागमोडी जाऊ नये. तसं जाणाऱ्याला वाटतं आपण वाट देतोय. मागच्याला दिसतं ते एवढंच, की सायकल नाहीशी झाली आणि मग अचानक समोर उगवली.

बाजूला सरकण्याचा क्रम एकच आहे, तो मोडला की भानगड: आधी खांद्यावरून मागे बघणं, मग हात दाखवणं, पुन्हा एकदा बघणं, मग सरकणं. हात आधी आणि बघणं नंतर करणारे खूप आहेत. मागे बघताना सायकल त्याच बाजूला वाहवते, हनुवटी खांद्याला टेकवून आणि कोपर सैल ठेवून ते टाळता येतं. मोकळ्या जागेत दहा-वीस वेळा करून बघावं लागतं. प्रत्यक्ष वळताना दोन्ही हात हॅण्डलवर. रस्ता खडबडीत असेल किंवा ब्रेक दाबून ठेवायची गरज असेल तर हात दाखवू नये. काही ठिकाणच्या कायद्यात ही सवलत लिहिलेली आहे, आणि मोटारीच्या इंडिकेटरशी सायकलची बरोबरी इथेच संपते. इंडिकेटर लावताना चालकाचा निम्मा ब्रेक हातातून सुटत नाही.

सिग्नलला ट्रक किंवा बस उभी असेल तर तिच्या डाव्या बाजूने पुढे सरकण्याचा मोह आवरावा. लांब गाडी डावीकडे वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत, ती आतून, कोपऱ्याला घासून जातात. चालक आधी थोडा उजवीकडे घेतो, त्यामुळे डावीकडे मोठी फट पडलेली दिसते, आणि तीच फट पुढच्या चार सेकंदांत बंद होते. ट्रकच्या मागे, त्याच्या आरशात आपल्याला चालकाचा चेहरा दिसेल असं उभं राहावं. काही शहरांत सायकलींसाठी थांबारेषेच्या पुढे चार-पाच मीटरची वेगळी पट्टी आखतात, तिथे सायकलींनी मोटारींच्या पुढे उभं राहायचं. कल्पना चांगली आहे. पण तिथवर पोचायचा रस्ता डाव्या कडेनेच आखलेला असतो, आणि आपण निम्म्यात असताना हिरवा लागला तर नेमके ट्रकच्या पोटाशी सापडतो. दिवा कधी बदलणार हे माहीत नसेल तर ती पट्टी रिकामी राहिलेली बरी.

उजवीकडे वळणं हा सायकलसाठी चौकातला सगळ्यात अवघड प्रकार. मोटारीसारखं वळायचं तर दोन-तीन लेन ओलांडून मध्यभागी जावं लागतं. जपानने आणि डेन्मार्कने हा प्रश्न सरळ सोडवला: तिथे सायकलस्वाराने दोन टप्प्यांत वळणं बंधनकारक आहे. डाव्या कडेने सरळ चौक ओलांडायचा, पलीकडच्या कोपऱ्यात थांबून सायकल उजवीकडे वळवून ठेवायची, आणि आता समोर आलेला दिवा हिरवा झाला की त्या रस्त्याने सरळ जायचं. (डेन्मार्कमध्ये वाहतूक उजवीकडून, तिथे हे डावीकडच्या वळणाला लागू.) वेळ जास्त जातो, पण एकही लेन ओलांडावी लागत नाही. हा नियम मोटारीला नाही, फक्त सायकलला आहे, आणि सायकलस्वारांच्या सोयीचा आहे. म्हणजे ‘वेगळा नियम’ म्हटलं की सूट असं समीकरण चुकतं.

उलटही घडतं. नेदरलँड्सबद्दल सगळ्यांची कल्पना अशी, की तिथे सायकलला खास वागणूक. प्रत्यक्षात (तिथे वाहतूक उजवीकडून, त्यामुळे इथलं उजवं ते उजवंच) २००१ पर्यंत तिथे पाटी-सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्या मोटारीला वाट द्यायची, पण उजवीकडून सायकल आली तर मोटारीने थांबायची गरज नव्हती. १ मे २००१ ला तो भेद गेला. उजवीकडून येणारा तो उजवीकडून येणारा, मग मोटार असो की सायकल. तिथल्या सायकलस्वारांना हवा होता तो सारखा नियम. आणि सारखेपणाची दुसरी बाजूही आली: हातात फोन धरून गाडी चालवण्यावरची बंदी तिथे २०१९ मध्ये सायकललाही लागू झाली. त्यावर कुणी तक्रार करावी असं मला वाटत नाही.

मद्याच्या बाबतीत जर्मनी मात्र सारखेपणा पाळत नाही. तिथे मोटारचालकाला रक्तात हजारी ०.५ पासून दंड आहे, सायकलस्वार गाडी चालवायला सर्वस्वी असमर्थ मानला जातो तो १.६ ला. कारण उघड आहे. ताशी ५० ने जाणाऱ्या १३०० किलोच्या मोटारीत सव्वा लाख ज्यूल असतात, सायकलमध्ये वर काढले ते १४००. नव्वद पट. दोघांच्या चुकीची किंमत दुसऱ्या कुणाला किती पडते याचा तो आकडा आहे. मात्र पादचाऱ्यासाठी ते १४०० ज्यूलही कमी नाहीत. फूटपाथवर म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडायला त्याहून फार कमी पुरतात.

सायकलस्वारांनी स्वतःला मोटारचालकच समजावं, हा विचार अमेरिकेत जॉन फॉरेस्टर यांनी आयुष्यभर मांडला. वेगळ्या सायकलपट्ट्यांना त्यांचा विरोध होता. लेन घेणं, खांद्यावरून मागे बघणं, चौकात योग्य लेन निवडणं हे त्यांचं शिक्षण आजही उपयोगी आहे, वरचे बरेच परिच्छेद त्याच शिस्तीतले आहेत. पण ती शिस्त ताशी ३० ने पायडल मारणाऱ्या, न घाबरणाऱ्या प्रौढाला जमते. आठ वर्षांच्या मुलीला किंवा कॅरिअरवर पंधरा किलोची पिशवी बांधून ताशी बाराने जाणाऱ्या माणसाला तीन लेन ओलांडून वळायला सांगणं म्हणजे सायकल चालवू नका असं सांगणं.

आणि सायकलस्वार नियम मोडतात हे इतकं डोळ्यांत का भरतं? मोटार मुख्यतः आकड्यांत नियम मोडते: पन्नासच्या जागी बासष्ट, दीड मीटरच्या जागी साठ सेंटिमीटर, तीनऐवजी एक सेकंदाचं अंतर. हे उघड्या डोळ्यांना दिसत नाही, मोजावं लागतं. सायकल मोडते ती चित्रात: लाल दिव्यातून पार, एकेरी रस्त्यात उलटी, फूटपाथवर. ते रस्त्यापलीकडच्यालाही दिसतं. त्यातला एकेरी रस्त्याचा गुन्हाही काही देशांत गुन्हा राहिलेला नाही. फ्रान्समध्ये २००८ पासून ताशी ३० च्या भागातले एकेरी रस्ते, वेगळी पाटी नसेल तर, सायकलला दुहेरी आहेत. बेल्जियमने त्याच्या चार वर्षं आधी पुरेशा रुंद रस्त्यांसाठी तसंच केलं. आधी जे लोक चुकीचे होते ते पाटी लागली त्या दिवशी बरोबर झाले. समोरून येणारा चालकही आता त्यांची वाट बघतो, कारण गल्लीच्या तोंडाशी पाटीवर सायकल काढलेली आहे.

कोपनहेगनच्या नोऱेब्रोगेड या रस्त्यावरचे सिग्नल ताशी २० या वेगाला जुळवलेले आहेत. सकाळी शहराच्या दिशेने त्या वेगाने जाणाऱ्या सायकलला एकामागून एक हिरवे मिळत जातात, दुपारनंतर हीच लाट उलट दिशेला वळवतात. त्या रस्त्यावर पन्नासने निघालेली मोटार पुढच्या चौकात पोचते तेव्हा दिवा लाल असतो. तिथे ती थांबते, आणि थोड्या वेळाने मागून आलेल्या सायकली, पाय न टेकवता, तिच्या बाजूने पुढे जातात.